जिथे सगळ्याच शाळा चार्टर झाल्या : न्यू ऑर्लिन्सचे प्रकरण

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्स शहरात मॅक्डोनो 35 नावाचे एक हायस्कूल आहे. 1900 साली तिथल्या शाळा मंडळाने कृष्णवर्णीय मुलांचे सार्वजनिक शिक्षण पाचवीतच थांबवायचे ठरवले होते. या मुलांच्या पालकांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, शिष्टमंडळे नेली, तेव्हा कुठे 1917 मध्ये त्यांच्यासाठी हे हायस्कूल उघडले. जॉन मॅक्डोनो हा गुलाम बाळगणारा व्यापारी. मरताना त्याने आपल्या संपत्तीचा मोठा हिस्सा शाळांसाठी ठेवला आणि त्या पैशातून उभ्या राहिलेल्या शाळांना त्याच्या नावापुढे क्रमांक पडत गेले.

2019 मध्ये हे हायस्कूल इन्स्पायरनोला या ना-नफा संस्थेच्या कारभारात गेले, आणि तेव्हा शाळा मंडळ स्वतः चालवते अशी एकही शाळा शहरात उरली नाही. चाळीस हजारांहून अधिक मुले, सत्तरच्या वर शाळा, पैसा सगळा जनतेचा, आणि प्रत्येक शाळेवर कुठल्या ना कुठल्या खासगी विश्वस्त मंडळाची सत्ता. एवढ्या मोठ्या अमेरिकी शहरात असे त्याआधी कधी घडले नव्हते.

सार्वजनिक शिक्षणात चार्टर शाळेचे काम काय, हा प्रश्न समजून घ्यायला यापेक्षा चांगले प्रकरण मला माहीत नाही. सरकारी शाळेच्या शेजारी उभे राहून काहीतरी वेगळे करून दाखवायचे, यासाठी ती जन्माला आली होती. शेजारची सरकारी शाळाच नाहीशी झाली, तर तिच्या त्या कामाचे पुढे काय होते?

सनद कशासाठी होती

चार्टर शाळा म्हणजे सनदेवर, म्हणजे मुदतीच्या करारावर, चालणारी सार्वजनिक शाळा. ती फी घेत नाही, धर्मशिक्षण देत नाही, आणि अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर सोडत काढते. राज्याच्या परीक्षा तिला चुकत नाहीत. त्या बदल्यात वेळापत्रक, अभ्यासक्रम, शिक्षकांची नेमणूक आणि खर्च यांत तिला मोकळीक मिळते. मुदत संपली की निकाल तपासायचे आणि ठरल्याप्रमाणे काम झालेले नसेल तर सनद काढून घ्यायची, असा हा व्यवहार.

आपल्याकडच्या वाचकाला यावरून अनुदानित शाळा आठवतील. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून संस्था चालवणार आणि पगार सरकार देणार ही रीत महाराष्ट्रात हळूहळू रुजली. मात्र आपल्या संस्थांना शाळा पाच-दहा वर्षांच्या करारावर मिळत नाहीत. शिवाय 1977 च्या सेवाशर्ती कायद्यामुळे शिक्षकाला संरक्षण आहे. पटसंख्या घटली आणि तो अतिरिक्त ठरला, तर त्याचे दुसऱ्या शाळेत समायोजन होते. निदान व्हायला हवे, असा नियम आहे. हा फरक ध्यानात असू द्यावा, पुढे तो फार महत्त्वाचा ठरतो.

चार्टर शाळेची कल्पना मूळची रे बडी यांची. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या या प्राध्यापकांनी 1970 च्या दशकात ती मांडली, पण तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. 1988 मध्ये अल्बर्ट शँकर यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमधल्या भाषणात ती उचलली आणि मग तिची चर्चा सुरू झाली. शँकर हे अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या बलाढ्य शिक्षक संघटनेचे अध्यक्ष होते. आदल्या वर्षी जर्मनीत कोलोनची एक शाळा त्यांनी पाहिली होती. तिथे शिक्षकांचे गट तीच मुले वर्षानुवर्षे सांभाळत आणि शिकवण्याच्या पद्धती स्वतः ठरवत. अमेरिकेतही काही शिक्षकांनी एकत्र येऊन शाळा मंडळाकडे आणि संघटनेकडे प्रस्ताव द्यावा, दोघांनी मान्य केला तर त्यांना काही वर्षे नियमांतून मोकळे सोडावे, जे जमेल ते बाकीच्या शाळांनी उचलावे, अशी त्यांची मांडणी होती. प्रचलित शाळेत ज्या मुलांचे काही होत नाही, त्यांच्यासाठी वाट शोधणे हा हेतू त्यांनी स्पष्ट सांगितला होता.

1991 मध्ये मिनेसोटाने पहिला कायदा केला. 1992 मध्ये सेंट पॉल शहरात सिटी अकॅडमी ही पहिली चार्टर शाळा सुरू झाली, तीही शिक्षण अर्धवट सोडलेल्या मुलांसाठी. पण कायद्याने सनद मागण्याचा हक्क शिक्षकांच्या गटापुरता ठेवला नाही. हळूहळू शाळांच्या साखळ्या चालवणाऱ्या संस्था आल्या, नफा कमावणाऱ्या कंपन्याही आल्या. शँकर यांनी हे पाहिले आणि 1990 च्या दशकात ते आपल्याच कल्पनेचे टीकाकार झाले. आज अमेरिकेत 35 लाखांहून अधिक मुले चार्टर शाळांत शिकतात, आणि या शाळांपैकी बहुतेकींत शिक्षक संघटना नाही.

वादळाच्या आधी

न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या व्यवस्थेबद्दल हळवे होण्यात अर्थ नाही. 1960 च्या नोव्हेंबरात सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी रूबी ब्रिजेस केंद्र सरकारच्या मार्शलांच्या संरक्षणात, तोवर फक्त गोऱ्या मुलांच्या असलेल्या विल्यम फ्रँट्झ शाळेत गेली, तेव्हा गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून नेली. पुढच्या दोन-तीन दशकांत गोरी कुटुंबे उपनगरांत किंवा खासगी शाळांत गेली. उरलेल्या सार्वजनिक शाळांत जवळजवळ सगळी मुले कृष्णवर्णीय आणि बहुतेक गरीब घरची. इमारती मोडकळीला आल्या. शहरातल्या शाळांचे प्रमुख असलेले अधीक्षक येत आणि जात. 2005 मध्ये हा शालेय जिल्हा, म्हणजे मंडळाखालच्या शहरातल्या सगळ्या शाळा, राज्यात तळाच्या पायरीला होता. भ्रष्टाचार एवढा माजला होता की केंद्रीय तपास यंत्रणा एफबीआयचे अधिकारी शाळा मंडळाच्याच इमारतीत ठाण मांडून बसले होते. 2005 मध्ये हिशेब सांभाळायला अल्व्हारेझ अँड मार्सल ही बाहेरची कंपनी आणावी लागली. शाळेत पहिली आलेली एक मुलगी राज्याची शालान्त परीक्षा पास होऊ शकली नाही, ही बातमी 2003 मध्ये गाजली. त्यात त्या मुलीचा दोष नव्हता. तिला वर्षानुवर्षे चांगले गुण देत राहिलेल्या शाळेला जाब विचारणारी यंत्रणाच शहरात नव्हती.

म्हणून राज्याने 2003 मध्ये रिकव्हरी स्कूल डिस्ट्रिक्ट नावाची यंत्रणा उभी केली. सतत नापास ठरणारी शाळा स्थानिक मंडळाकडून काढून घ्यायची आणि दुसऱ्या कुणाला चालवायला द्यायची, हे तिचे काम. 2005 च्या कॅटरिना वादळापूर्वी तिच्याकडे मोजक्याच शाळा होत्या. तेवढ्याच राहिल्या असत्या तर शँकर यांच्या कल्पनेशी तिचे काहीसे नाते तरी राहिले असते.

तीन महिने

29 ऑगस्ट 2005 ला कॅटरिना वादळ आले. बांध फुटले, शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला आणि लोक ह्यूस्टन, अटलांटा, मिळेल तिथे पांगले. सप्टेंबर संपेपर्यंत केंद्रीय शिक्षण खात्याने लुइझियानातल्या चार्टर शाळांसाठी सुमारे 2 कोटी डॉलर मंजूर केले. शाळा चार्टर करायची तर तिथल्या शिक्षकांचे आणि पालकांचे मत घ्यावे लागे. राज्यपाल कॅथलीन ब्लँको यांनी ऑक्टोबरात आदेश काढून ती अट बाजूला ठेवली. नोव्हेंबरच्या अखेरीस 'ॲक्ट 35' हा कायदा झाला. शाळा नापास ठरवण्याची रेषा 60 गुणांवर होती, ती राज्याच्या सरासरीपर्यंत, म्हणजे 87.4 वर नेली. ही नवी रेषा फक्त संकटग्रस्त ठरवलेल्या जिल्ह्यांना लागू होती, आणि प्रत्यक्षात तिचा रोख एकाच शहरावर होता. शंभराहून अधिक शाळा एका फटक्यात राज्याकडे गेल्या.

हे सगळे झाले तेव्हा त्या शाळांचे पालक शहरात नव्हते. निवारा छावण्यांत, नातेवाइकांच्या घरी, परक्या गावी होते. या प्रकरणातले बाकीचे सगळे फायदे-तोटे तोलताना ही गोष्ट मी बाजूला ठेवू शकत नाही. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी त्याच डिसेंबरात लिहिले की ही शोकांतिका आहे, तशीच शिक्षण मुळापासून बदलण्याची संधीही आहे. 2010 मध्ये केंद्रीय शिक्षणमंत्री आर्नी डंकन यांनी तर शहराच्या शिक्षणासाठी वादळ ही सर्वांत चांगली गोष्ट ठरली, असे म्हटले आणि नंतर त्यांना माफी मागावी लागली. घर गमावलेल्या माणसाच्या गैरहजेरीत त्याच्या मुलाची शाळा बदलून टाकायची आणि वर तिला संधी म्हणायचे, याचा राग शहराच्या मनातून अजून गेलेला नाही.

शिक्षक

जिल्ह्याच्या सुमारे 7,500 कर्मचाऱ्यांना आधी बिनपगारी रजेवर ठेवले आणि 2006 च्या सुरुवातीला कामावरून काढून टाकले. त्यांत चार हजारांवर शिक्षक होते. वादळापूर्वी शहरातल्या शिक्षकांपैकी सुमारे 71 टक्के कृष्णवर्णीय होते. दशकभरात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. हा आकडा नुसता नोकऱ्यांचा नाही. दक्षिणेतल्या शहरांत कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचा कणा म्हणजे शिक्षिका. वस्तीत घर असलेली, चर्चमध्ये दिसणारी, आईला शिकवलेली आणि आता मुलीला शिकवणारी. त्यांची संघटना, युनायटेड टीचर्स ऑफ न्यू ऑर्लिन्स, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय शिक्षकांच्या संघटना 1972 मध्ये एकत्र येऊन बनली होती, आणि तिने 1974 मध्ये सामूहिक करार मिळवला होता. तो करार 2006 मध्ये संपला आणि पुन्हा झाला नाही. ही शँकर यांच्याच महासंघाची स्थानिक शाखा होती. ज्या नेत्याने चार्टर शाळेत शिक्षकाच्या हाती सूत्रे द्यायची म्हटले, त्याच्याच संघटनेचे सभासद चार्टर शाळा येताना बाहेर फेकले गेले.

शिक्षकांनी दावा लावला. जिल्हा न्यायालयात 2012 मध्ये आणि अपील न्यायालयात 2014 च्या जानेवारीत ते जिंकले. त्याच वर्षी ऑक्टोबरात लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला आणि 2015 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. इथे समायोजनाची यादी नव्हती, ज्येष्ठता नव्हती, कुणाला कुठे सामावून घ्यायचे याचा विचारच नव्हता. त्यांच्या जागी टीच फॉर अमेरिकासारख्या कार्यक्रमांतून तरुण पदवीधर आले. ते मनापासून राबत, पण दोन-तीन वर्षांत निघून जात. शहरातल्या शिक्षकांचा सरासरी अनुभव झपाट्याने घसरला.

काय सुधारले

आणि तरीही मुले पूर्वीपेक्षा जास्त शिकू लागली. हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण चार्टरचे विरोधक बऱ्याचदा हे झटकून टाकतात.

या काळाचा सर्वांत नेटका अभ्यास तुलेन विद्यापीठातल्या डग्लस हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. वादळामुळे शहराची लोकसंख्याच बदलली असेल, गरीब परतले नसतील, म्हणून गुण वाढले असतील, ही शंका त्यांनी तपासली आणि तेवढ्याने वाढीचा उलगडा होत नाही असे दाखवले. त्यांच्या 2018 च्या अहवालानुसार परीक्षांतले गुण 11 ते 16 शततमकांनी (पर्सेंटाइल) वाढले, हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण 3 ते 9 टक्के बिंदूंनी, आणि कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यांचे 8 ते 15 टक्के बिंदूंनी. एवढ्या मोठ्या प्रमाणावर, एवढ्या कमी काळात, एका गरीब शहरात असे फार क्वचित घडते.

ही वाढ आली कशातून? मला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा धडा इथे दिसतो. याच संशोधकांच्या विश्लेषणातून दिसते की सुधारणेचा मोठा भाग वाईट निकाल देणाऱ्या शाळा बंद करणे किंवा दुसऱ्या संस्थेकडे सोपवणे यातून आला. शाळेला मिळालेल्या मोकळिकीइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, सनद काढून घेणाऱ्या सार्वजनिक यंत्रणेच्या ठामपणाने फरक पडला. सनदेच्या व्यवहारात दोन बाजू असतात. शाळेला स्वातंत्र्य देण्याची बाजू सगळीकडे लगेच अमलात येते. हिशेब मागण्याची बाजू बहुतेक राज्यांत कागदावर राहते. न्यू ऑर्लिन्सने ती खरोखर अमलात आणली. आणि शाळा बंद होणे मुलांच्या पथ्यावर तेव्हाच पडले, जेव्हा त्यांना आधीपेक्षा चांगल्या शाळेत जागा मिळाली. ती जागा कुणी राखायची, हे काम एकट्या शाळेचे असूच शकत नाही.

पैशाची बाजूही पाहू. याच संशोधकांच्या दुसऱ्या अभ्यासानुसार, तुलनेतल्या इतर जिल्ह्यांच्या हिशेबाने न्यू ऑर्लिन्समध्ये दरडोई खर्च 13 टक्क्यांनी वाढला. प्रशासनावरचा खर्च 66 टक्के वाढला आणि प्रत्यक्ष अध्यापनावरचा 10 टक्के घटला. प्रत्येक शाळेला आपले हिशेबनीस, आपले संचालक, आपली बससेवा. सरकारी बाबूशाही हटवायला निघालेल्या प्रयोगाने लहान-लहान कचेऱ्या दारोदार उभ्या केल्या, आणि त्यांचा खर्च वर्गातून गेला.

नको असलेले मूल

शाळांना गुणांवर जगायचे असेल तर गुण खाली ओढणारे मूल कुणाला हवे असेल? पहिल्या काही वर्षांत याचे उत्तर उघड दिसले. पालक शाळेतून शाळेत हिंडत. प्रत्येक शाळेचा अर्ज वेगळा, मुदत वेगळी. अपंग किंवा विशेष गरजा असलेल्या मुलाला 'आमच्याकडे याची सोय नाही' असे सांगून परत पाठवले जाई. 2010 मध्ये नागरी हक्कांसाठी न्यायालयात लढणाऱ्या सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या संस्थेने अशा मुलांच्या वतीने केंद्रीय न्यायालयात दावा दाखल केला. तो मिटायला 2015 उजाडले, आणि तेव्हा कुठे शाळांवर स्वतंत्र निरीक्षक नेमला गेला. मुख्याध्यापकांच्या मुलाखतींवर आधारलेल्या एका अभ्यासात 30 पैकी 10 शाळा या ना त्या मार्गाने मुले निवडून घेत असल्याचे आढळले. कुणी जागा रिकाम्या असल्याचे जाहीरच करत नसे, कुणी प्रवेशाची माहिती ठरावीक लोकांनाच देई.

दुसरी वाट म्हणजे आत घेतलेल्या मुलाला बाहेर काढणे. काही शाळांनी फार कडक शिस्त अवलंबली. जमिनीवर आखलेल्या रेषेवरून चालायचे, गणवेशातली बारीकशी चूकही खपवून घ्यायची नाही. एका हायस्कूल साखळीत 2012-13 च्या वर्षात निम्म्याहून अधिक मुलांना किमान एकदा निलंबित केले गेले. 2013 मध्ये तिथल्या मुलांनीच वर्गाबाहेर पडून निषेध केला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी स्वतः मागण्या लिहून काढल्या, हे मला त्या सगळ्या काळातले सर्वांत आशादायक दृश्य वाटते.

यावर तोडगे निघाले, आणि ते सगळे एकाच दिशेचे होते. 2012 मध्ये 'वनॲप' ही एकत्रित प्रवेश प्रक्रिया आली: एकच अर्ज, पालकाचा पसंतीक्रम, आणि संगणकावर जुळणी. ही जुळणी अल्व्हिन रॉथ यांच्या संशोधनावर आधारलेली होती. त्यांना त्याच वर्षी अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच सुमारास मुलाला शाळेतून कायमचे काढण्याचा अधिकार शाळेकडून घेऊन एका मध्यवर्ती सुनावणी कार्यालयाकडे दिला गेला. 2016 मध्ये निधीचे सूत्र बदलले. ज्या मुलावर जास्त खर्च येतो त्याच्यामागे शाळेला जास्त पैसे मिळू लागले, म्हणजे ते मूल शाळेला ओझे वाटू नये. प्रवेश कुणाला, काढायचे कुणाला, पैसा कुणामागे किती: शाळा मंडळ हटवल्यावर दहा वर्षांच्या आत ही सगळी कामे पुन्हा एका मध्यवर्ती सार्वजनिक यंत्रणेकडे आली. काही नामांकित, निवडक प्रवेश देणाऱ्या शाळा मात्र वर्षानुवर्षे वनॲपच्या बाहेर राहिल्या, आणि शहरातली गोरी मुले मोठ्या संख्येने तिथेच दिसतात. ही विषमता चार्टरने निर्माण केली नाही, मोडलीही नाही.

एक नुकसान मात्र भरून निघाले नाही. जवळची शाळा गेली. आपल्या शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असा निकष आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये पालकाला शहरभराची निवड मिळाली आणि मुले पहाटेच्या अंधारात बसची वाट पाहू लागली. गल्लीतल्या दहा मुलांच्या दहा शाळा झाल्या. निवडीचे मोल मी कमी लेखत नाही. नापास शाळेत अडकून पडलेल्या मुलाच्या आईला ते विचारावे. पण शाळेचा बँड, माजी विद्यार्थी, मोहल्ला आणि शाळा यांचे जे एकच कुटुंब त्या शहरात असायचे, ते विस्कटले.

केनेडी हायस्कूल

सनदेचा हिशेब निकालांवर होतो. मग निकालच खोटे असतील तर? 2019 मध्ये जॉन एफ. केनेडी हायस्कूलच्या 177 मुलांनी पदवीचा झगा घालून समारंभात भाग घेतला. एका कर्मचाऱ्याने गुण बदलल्याची तक्रार केली होती. चौकशीत निघाले की त्यांपैकी 87 मुले पदवीला पात्रच नव्हती. काही विषय पूर्ण झालेले नव्हते, काहींचे श्रेयांक चुकीच्या पद्धतीने दिले होते. मुलांना आणि पालकांना हे समारंभानंतर कळले. काहींनी कॉलेजात प्रवेश घेतलेला होता. शाळा चालवणाऱ्या संस्थेने सनद सोडली आणि शाळा दुसऱ्याच्या हाती गेली. चार्टर व्यवस्थेच्या तर्कानुसार उत्तरदायित्व पार पडले. त्या 87 मुलांपुढे मात्र उन्हाळी वर्ग आणि चिंता उरली. 2003 मधल्या त्या पहिल्या आलेल्या मुलीचीच कहाणी इथे नव्या व्यवस्थेत पुन्हा घडली, आणि या वेळी ती एका मुलीपुरती नव्हती.

विश्वस्त मंडळाच्या सभा कायद्याने खुल्या असतात. पण शहरात अशी डझनावारी मंडळे आहेत आणि त्यांतले सभासद निवडून आलेले नसतात. प्रत्येक सभेला कोण पत्रकार जाणार, कोण पालक बसणार?

परत घरी, आणि लीआ चेस शाळा

2016 च्या 'ॲक्ट 91' नुसार 1 जुलै 2018 ला सगळ्या शाळा निवडून आलेल्या स्थानिक मंडळाकडे परत आल्या. पण कायद्याने मंडळाचे हात बांधून ठेवले: शिक्षक, वेळ, अभ्यासक्रम, खर्च यांत त्याने ढवळाढवळ करायची नाही. सनद देणे, काढणे, प्रवेशाची व्यवस्था आणि इमारती एवढे त्याचे काम. राज्याने काढून घेतलेला अधिकार लोकांकडे परतला, ही मोठी गोष्ट होती. पण ज्या मंडळाकडे तो परतला ते शाळा चालवायचे विसरून गेले होते.

2023-24 मध्ये लाफाएत अकॅडमी या शाळेची सनद संपवायचे ठरले, तेव्हा हे उघडे पडले. मंडळाने आधी ती दुसऱ्या चार्टर संस्थेला देण्याचा प्रयत्न केला, तो फसला. मग शाळा बंद करून मुले इतरत्र पाठवण्याचा विचार झाला. शेकडो मुलांच्या पालकांना पुन्हा अर्ज भरा, पुन्हा बस शोधा असे सांगायची वेळ आली आणि ते संतापले. शेवटी मंडळाने ठरवले की शाळा आपणच चालवायची. 2024 च्या ऑगस्टमध्ये त्या इमारतीत लीआ चेस शाळा उघडली. पाच वर्षांनंतर शहराच्या मंडळाची स्वतःची पहिली शाळा. ट्रेमे वस्तीतल्या ज्या खानावळीत नागरी हक्क चळवळीतले कार्यकर्ते जेवायला आणि खलबते करायला जमत, तिच्या मालकीणबाईंचे हे नाव. सुमारे सत्तर शाळांच्या जिल्ह्याला तेव्हा एका प्राथमिक शाळेसाठी शिक्षकभरती, जेवण, बस, अभ्यासक्रम यांची घडी पायापासून बसवावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस मालमत्ता कराच्या अंदाजातली चूक बाहेर आली, शाळांच्या निधीत कोट्यवधी डॉलरची तूट निघाली आणि अधीक्षक एव्हिस विल्यम्स यांनी राजीनामा दिला. शाळा कितीही स्वायत्त असोत, पैशाचा अंदाज बांधणारे मध्यवर्ती कार्यालय चुकले की फटका सगळ्यांना बसतो.

हे सगळे वाचताना मला 2023 मधला महाराष्ट्रातला वाद आठवत राहतो. त्या सप्टेंबरात राज्य सरकारने दत्तक शाळा योजनेचा शासन निर्णय काढला. कंपन्यांनी आणि दात्यांनी सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्याव्यात, ठरावीक रकमेच्या बदल्यात शाळेला त्यांचे नाव जोडता यावे, अशी तरतूद होती. शिक्षक संघटनांनी खासगीकरणाची भीती व्यक्त केली. दत्तक शाळा आणि चार्टर एकच नव्हेत. आपल्याकडे शिक्षक सरकारीच राहतात आणि दात्याला कारभार मिळत नाही. मुंबई महापालिकेच्या काही शाळा आकांक्षा फाउंडेशनसारख्या संस्था चालवतात, ते मात्र चार्टरच्या बरेच जवळ जाते, आणि त्यांतल्या काहींचे काम खरोखर चांगले आहे. तिथे महापालिकेच्या स्वतःच्या शेकडो शाळा शेजारी आहेत. संस्था उद्या थांबली तर मुले जातील कुठे, याचे उत्तर आज तरी आहे.

न्यू ऑर्लिन्सपुढचा पुढचा प्रश्न पटसंख्येचा आहे. जन्मदर घटतो आहे, शाळांत जागा रिकाम्या पडताहेत, आणि आणखी शाळा बंद किंवा एकत्र कराव्या लागतील हे सगळे जाणतात. प्रत्येक चार्टर संस्था आपली शाळा वाचवायला धडपडणार, हे तिच्या दृष्टीने रास्तच आहे. शहराचा एकत्र विचार करू शकेल असे फक्त मंडळ आहे. माझ्या मते त्याने लीआ चेस शाळेला अपवाद मानू नये. वेगवेगळ्या भागांत निदान चार-पाच शाळा त्याने कायम स्वतःकडे ठेवाव्यात, त्यांत अनुभवी शिक्षकांना दीर्घ मुदतीच्या नेमणुका द्याव्यात, आणि एखादी सनद मध्येच संपली तर त्या शाळेतल्या मुलांना आधी तिथे जागा मिळेल असे लेखी ठरवून टाकावे. असे केल्याने मंडळ सनद देणारेही होईल आणि चार्टर शाळांचे स्पर्धकही होईल, हा आक्षेप मोठ्याने घेतला जातो आणि तो खोटा नाही. त्यासाठी मंडळाच्या शाळांची तपासणी राज्याच्या शिक्षण मंडळाकडे सोपवता येते. चांगल्या चार्टर शाळांना यातून धोका नाही. शँकर यांना त्या जिथे हव्या होत्या, तिथेच, म्हणजे एका चालत्या सार्वजनिक शाळेच्या शेजारी, त्या पुन्हा उभ्या राहतील.